सात सेकंदांची येळवस

मायचा फोन आला की आधी मनात नको ते येतं, मग मी फोन उचलते. मागच्या हिवाळ्यापासून हे असंच चाललंय. परवाही तेच. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होते, फोन थरथरला आणि हातातली नळी पडता पडता राहिली.

"येळवस आली की गं नंदे," माय म्हणाली. "तुरीला सोले भरलेत, वटाणा हाय, वालाच्या शेंगा बी हायत. सुट्टी टाक अन् ये."

"दादा कसे हायत?"

"हायत की. हरभऱ्यात गेलेत."

"एकटेच?"

"मंग काय वरात घिऊन जातील व्हय?"

माय अशी फटकन बोलली म्हणजे घरात सगळं ठीक आहे, एवढं मला कळतं. तरी फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं तशीच उभी होते. दादा म्हणजे माझे वडील. ते हरभऱ्यात एकटे आहेत आणि त्यांना काही झालं तर ते हाक मारू शकत नाहीत, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचं गाव उदगीरच्या पुढं, देवणीच्या रस्त्याला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवसला, तिकडं गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. नांदेडच्या लॅबमधल्या पोरींना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, की अगं, अमावस्या असली तरी आमचा तो सणच आहे. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, करडई काटे दाखवायला लागलेली असते, हरभऱ्यावरच्या आंबट दवानं, आंबेनं, पायाची बोटं चुरचुरतात. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग भज्जी. शेतात जे जे पिकलं ते सगळं एका पातेल्यात शिजवलेलं, बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांसोबत खायचं. आणि आंबील, ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेली. ती आंबील मडक्यात घेऊन सगळ्या शेताच्या कडेनं शिंपडत फिरायचं आणि मोठ्यानं हाळी द्यायची, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" याचा नेमका अर्थ आमच्याकडं कुणालाच सांगता येत नाही. कानडीतून आलंय म्हणतात. अर्थ नसला तरी हाळी पार गाडीवाटेच्या पांदीपर्यंत गेली पाहिजे, ही अट मात्र आहे.

आमच्या शेतात ती हाळी दादा द्यायचे. त्यांच्या आधी आप्पा, म्हणजे माझे आजोबा. आप्पा मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळं मला फक्त दादांची माहीत. दादांनी बांधावरून हाळी दिली की तिसऱ्या शेतातली माणसं हातातला उंडा तसाच धरून वळून बघायची, आणि मी लहानपणी उगाच कॉलर ताठ करून फिरायची.

आता मागच्या वर्षी माझ्याकडं आलेल्या एका मशीनचं सांगते. मी संगीत करते असं म्हणायला मला लाज वाटते, कारण मला ना पेटी येते ना तबला. पण लॅबमधलं रक्त फिरवायचं यंत्र एका लयीत घरघरतं, ते एकदा मोबाईलवर पकडलं आणि लॅपटॉपवर त्याखाली ठेका टाकला. तेव्हापासून मला नाद लागला. नांदेडात हमीदभाईंचं वाद्यांचं दुकान आहे. पेट्या दुरुस्त करतात, बँडवाल्यांना पॅड विकतात. एकदा मी केबल घ्यायला गेले तर त्यांनी काउंटरखालून एक डबा काढला.

"बेटा, हे बघ. ग्रूव्हबॉक्स म्हणून राहिलेत याला. ठेका यातच, सूर यातच, आवाज पकडायचं यातच. कंप्युटर नको, काही नको. लग्नातले बँडवाले इचारून राहिले. पण मला याच्यातलं काही समजंना झालंय. तू आठ-धा दिवस घरी ने, वापर, अन् मला खरं खरं सांग. दुकानात ठेवू का नको?"

एखाद्या लिहायच्या पाटीएवढं मशीन. सोळा रबरी पॅड, आठ गोल बटणं, एवढुशी स्क्रीन, पोटात सहा पेन्सिल सेल. मी हरखलेच. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं मत विचारलं होतं. मी एक वही केली आणि पहिल्या पानावर सुबक अक्षरात 'परीक्षण' असं लिहिलं.

त्याच आठवड्यात लातूरहून दादांच्या घशाचा रिपोर्ट आला. आवाज सहा महिन्यांपासून बसलेला होता. आम्ही थंडी म्हणालो, धूळ म्हणालो, तंबाखू सोडा म्हणालो. रिपोर्ट लॅबच्या भाषेत होता आणि ती भाषा मला येते, हेच माझं दुर्दैव. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, मानेला श्वासाचं भोक राहील, माणूस वाचेल पण आवाज जाईल. उशीर नको.

"येळवस झाल्याबिगर मी येत न्हाई," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर बघितलं. अमावस्येच्या तिसऱ्या दिवशीची तारीख दिली आणि बजावलं, "तोवर घशाला आराम. ओरडायचं अजिबात नाही."

ती वही अजून माझ्याकडं आहे. वाचताना माझं मलाच कसंतरी होतं. 'पॅड जरा कडक. बोटाच्या टोकानं वाजत नाही, अंगठा लागतो. नाकातली नळी किती दिवस? ठेक्याचे आवाज छान, हलगीसारखं काहीच नाही. आंघोळ कशी करायची? भोकात पाणी? एका बटणाला तीन तीन कामं, लक्षात राहत नाही. दादांना विचारायचं राहून गेलं, कोणत्या कुशीवर झोप येते.' सगळं एकाच पानावर. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई ठिकाणावर आहे ना? नव्हतेच मी ठिकाणावर. बसता-उठता एकच विचार, बारा दिवसांनी हा आवाज जगात राहणार नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाईल होता की. होता ना. घरातले शेकडो व्हिडिओ होते. मी एक एक उघडून बघितला. सगळ्यांत माय बोलते, भाऊ बालाजी बोलतो, वैनी बोलते, अगदी बैलसुद्धा हंबरतो. दादा कोपऱ्यात बसलेले, नाहीतर पाठमोरे. एका ठिकाणी फक्त "हां, ठिव तिथं" एवढं म्हणालेत, तेही कुकरच्या शिटीखाली. मला इतका राग आला माझा! अख्ख्या गावाचे फोटो काढत फिरले आणि बापाचं एक वाक्य माझ्याकडं नाही.

मग मी मशीन घेऊन गावाकडं गेले. ओसरीवर त्यांच्यासमोर मांडलं.

"दादा, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काही पण. शेताचं सांगा."

त्यांनी मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "माणूस जायच्या आधी फोटू काढून घेत्यात, तसलं करून राहिली व्हय तू?"

"न्हाई हो दादा! हमीदभाईंचं काम हाय. तपासायचं हाय मशीन." मी खोटं बोलले आणि ते त्यांना कळलं. तरी माझ्यासाठी बोलत राहिले. पंधरा-वीस मिनिटं. आप्पांनी विहीर कशी पाडली, मी जन्मले तेव्हा नाला कसा भरून वाहत होता, मायला बघायला निलंग्याकडं गेले तेव्हा कुणाची बैलगाडी मागून नेली. मी ऐकत होते आणि मशीनचा लाल दिवा बघत होते.

मशीनला एक खोड होती. आवाज ठरावीक उंबऱ्याच्या वर गेला तरच ते पकडायला सुरुवात करतं, खाली आला की थांबून नुसतं वाट बघत बसतं. उगाच शांतता साठू नये म्हणून केलेली सोय. मला ते माहीत होतं, आदल्याच दिवशी वहीत 'उपयोगी' म्हणून लिहिलं होतं. आणि ऐन वेळी मी विसरले. दादांचा बसलेला आवाज त्या उंबऱ्यापर्यंत पोचलाच नाही. नंतर लावून बघितलं तर कावळा होता, मायनं आपटलेला तांब्या होता, रस्त्यावरून गेलेला टेम्पो होता. दादा कुठंच नव्हते.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. परत बोला म्हणायचं तोंड नव्हतं, कारण एवढं बोलूनच त्यांना ठसका लागला होता आणि माय माझ्यावर उखडली होती. "डाक्टरनं काय सांगितलं अन् तू काय करून राहिली?" बरोबरच होतं तिचं. वहीत मी 'उपयोगी' खोडलं आणि काय लिहावं ते न सुचल्यामुळं जागा तशीच सोडली.

येळवसच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. कोप झाली, पांडव मांडले, वैनीनं भज्जीचं पातेलं उतरवलं. माझा मोबाईल वैनीकडं होता, तिला कोपीचा व्हिडिओ करायचा होता. मी मशीन गळ्यात अडकवलं होतं. उंबरा अगदी तळाला नेऊन ठेवला होता, मुंगी चालली तरी पकडेल इतका. पण पकडायचं काय, हा प्रश्नच होता. कारण हाळी बालाजी देणार, असं सकाळीच ठरलं होतं. दादांनी फक्त आंबील शिंपायची.

बालाजी बँकेत कारकून आहे. त्याला कधी मोठ्यानं बोलायची वेळ येत नाही. त्यानं खाकरून हाळी दिली तर ती बांधसुद्धा ओलांडेना. शेजारच्या शेतातून कुणीतरी हसलं. "बालाजी, चहा मागून राहिला का रं?" दादा चालता चालता थांबले. त्यांच्या हातात आंबिलीचं मडकं. मला त्यांची मान मागून दिसत होती.

इथं मला खरं सांगायलाच हवं. त्या क्षणी माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, दादांनी ओरडू नये. दुसरी, दादांनी ओरडावं. दुसरी जास्त जोरात होती. माझा अंगठा बटणावर होता. मी धावत जाऊन त्यांचा हात धरू शकले असते, "दादा, नका" म्हणू शकले असते. मी म्हणाले नाही. मी बटण दाबलं.

दादांनी हाळी दिली. कशी दिली देव जाणे. फाटलेली, खरखरीत, पण पार पांदीपर्यंत गेली. मघाशी हसलेला माणूस उठून उभा राहिला. माय कोपीतून ओरडत बाहेर आली, "अवो, काय करून राहिले!" आणि दादा खोकत खोकत खाली बसले. मी साठवायचं बटण दाबलं. या मशीनमध्ये साठवायला वेळ लागतो, स्क्रीनवर एक छोटं चाक फिरत राहतं. ते फिरत होतं.

आता मायचं ऐका. येळवसला शेतातल्या प्रत्येक अवजारावर आंबील शिंपडायची असते. कुळव, तिफण, विळे, पाण्याची मोटार, बालाजीची मोटारसायकल, काही सुटत नाही. त्यात त्या साली घरात आलेली नवी वस्तू तर आधी. दादांना पाणी पाजून, त्यांच्या पाठीवरून हात फिरवून माय उठली. डोळे भरलेले होते तिचे, आणि हात आपोआप चालत होते. मडक्यात हात बुडवून तिनं कोपीवर शिंपडलं, विळ्यांवर शिंपडलं, आणि माझ्याकडं वळून, "ह्ये बी नवंच हाय की" म्हणत ओंजळभर आंबील माझ्या गळ्यातल्या मशीनवर ओतली.

चाक फिरायचं थांबलं. स्क्रीन काळी झाली. सोळा पॅडच्या फटींतून ताक आत गेलं.

"माय!" मी एवढ्या जोरात किंचाळले, की दादांनी दचकून बघितलं. मायला काही कळेना. हळदीची डबी हातात धरून ती नुसती उभी राहिली. "चांगलं व्हावं म्हणून टाकली गं," ती म्हणाली. मी सेल काढले, ओढणीनं पुसलं, उलटं धरलं. मायनं घरी गेल्या गेल्या ते ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवलं, कारण ओला मोबाईल तांदळात ठेवतात असं तिनं ऐकलं होतं आणि आमच्याकडं ज्वारीच भरपूर.

तिसऱ्या दिवशी लातूर. पुढचे पंधरा दिवस मला सलग आठवत नाहीत. दवाखान्यातला हिरवा पडदा आठवतो, मायनं पदराच्या टोकाला बांधलेला अंगारा आठवतो. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून दादांनी मला हात केला. मी जवळ वाकले. वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "मोटारीचं बटण बंद केलंय का बघाय सांग बालाजीला." त्यांच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. मी "हाव दादा" म्हणाले.

बाहेर बाकावर बसून मी दोनच गोष्टींचा हिशेब लावत होते. आत काय चाललं असेल आणि ज्वारीच्या डब्यात काय उरलं असेल. त्यांचा जीव टांगणीला असताना मला त्या पकडलेल्या हाळीची काळजी वाटत होती, याची शरम वाटायची. आणि त्या ओरडण्यानं आत काही बिघडलं असेल का, ही भीती तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शेवटी मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "एका हाळीनं काही झालं नाही हो. रोग आधीच एवढा होता." मला तेवढ्यानं झोप लागायला हवी होती, पण लागली नाही.

दादा बरे होऊन घरी आले, नाकातली नळी निघाली, तेव्हा मी मशीन घेऊन हमीदभाईंकडं गेले. त्यांनी पेचकस घेतला, झाकण उघडलं आणि नाक दाबलं.

"बेटा, याच्यात दही लागलंय."

मी सगळं सांगितलं. ते ब्रशनं, कापसानं तासभर साफ करत बसले. मग सेल घातले. स्क्रीन उजळली. चार पॅड मेलेले होते. बाकीच्यांपैकी एकावर बोट ठेवायला मला धीर होईना, तर त्यांनीच ठेवलं. आणि दुकानभर दादांची हाळी घुमली. सात सेकंद. आधी श्वास घेतल्याचा आवाज, मग हाळी, मग खोकल्याची सुरुवात, तिथं तुटलेलं.

हमीदभाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली. "मशीन तुझ्याकडंच राहू दे," म्हणाले. "हे आता इकायचं सामान राहिलं न्हाई. पण माझं इचारणं तसंच हाय. ठेवू का दुकानात?"

मी म्हणाले, ठेवा. ठेका पक्का आहे, बॅटरी चार तास जाते, बँडवाल्यांना पुरेल. पण प्रत्येकाला उंबऱ्याचं बटण आधी दाखवा. नंतर घरी एकदा मी त्या हाळीखाली ठेका टाकून बघितला. मशीन प्रत्येक आवाज ओढून बरोबर मोजलेल्या जागी बसवतं. दादांची हाळी तिथं बसली आणि दादा राहिलेच नाहीत, कुणीही झाले. मी लगेच ठेका काढून टाकला.

त्यानंतर वर्षभर मी ते दादांना ऐकवलं नाही. धाकच वाटायचा. जे गेलं ते पुन्हा समोर आणून ठेवायचं, हे प्रेम आहे की छळ, माझं ठरेना. दादा आता मानेला पांढरा रुमाल बांधतात, गळ्यात लहान पोरांची पाटी अडकवतात. त्यावर लिहितात, पुसतात. मायशी पाटीवरून भांडतातसुद्धा.

काल येळवस झाली. भज्जी तीच, ऊन तेच. आंबिलीचं मडकं भरून दादांच्या हातात दिलं आणि सगळे एकमेकांकडं बघत उभे राहिले. हाळी कोण देणार? बालाजीनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्याकडं हाय न्हवं ते? लाव की." मी दादांकडं बघितलंच नाही. मशीन काढलं, आवाज मोठा केला आणि पॅड दाबला.

हाळी शेतावरून गेली. दादा गर्रकन वळले. माझ्याकडं नाही, पांदीकडं, कुणी येतंय का ते बघायला. मग त्यांना मशीन दिसलं. जवळ आले, मडकं एका हातानं धरून गळ्यातल्या पाटीवर घाईघाईनं लिहिलं. खडूचा तुकडा मोडला.

'आप्पाचा आवाज. तुला कुटं घावला?'

माय म्हणाली, "अवो, तुमचाच हाय त्यो. मागल्या येळवसचा."

दादांनी मान हलवली. नाही. पाटी पुसून त्यांनी लिहिलं, 'माजा आसा कुटं होता.' जो आवाज राहावा म्हणून मी एवढा जीव टाकला, तो त्यांना स्वतःचा म्हणून माहीतच नव्हता. बांधावर उभं राहून हाळी देणाऱ्याला ती आतून ऐकू येते. बाहेरून ती आम्हीच ऐकली होती.

"दादा, तुमचाच हाय," मी म्हणाले. "आम्हाला असाच ऐकू यायचा. नेहमी."

मग त्यांचा चेहरा वाकडा झाला, खांदे हलायला लागले. ऑपरेशनपासून माझा बाप एकदाही रडला नव्हता. आता रडत होता, आणि त्या रडण्याला आवाज नव्हता. मानेवरचा रुमाल तेवढा भराभर आत-बाहेर होत होता. मायनं पुढं होऊन त्यांच्या हातातलं मडकं धरलं. त्यांनी ते सोडलं नाही. दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बोट करून खूण केली, परत लाव.

मी लावलं. दादांनी मडक्यात हात बुडवला आणि चालायला लागले.